मळ्यातल्या मोतीची थंडी



पोह्यांच्या लेखानंतर तिघी-चौघींनी मला मंदिरात गाठून एकच प्रश्न विचारला. थंडी वाढली आहे, दारातल्या कुत्र्यांसाठी काय करावं? एकीने तर ट्रंकेतल्या दोन गोधड्या काढूनही ठेवल्या होत्या. गोधडीचं पुढे सांगते. आधी मी त्यांना विचारलं ते तुम्हालाही विचारते. तुमच्या घरी, गोदामावर, दुकानामागे किंवा शेतावर एखादा कुत्रा रात्रभर साखळीला बांधलेला आहे का? असेल तर रस्त्यावरच्या कुत्र्याच्या आधी त्याच्याकडे बघा. रस्त्यावरचा निदान उठून दुसऱ्या आडोशाला जातो. बांधलेल्याला आपण जिथे ठेवलं तिथेच रात्र काढावी लागते.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या धाकट्या दिरांचा निफाड तालुक्यात द्राक्षांचा मळा आहे. नाशिककरांना निफाडची थंडी सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच-सहा अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर बातमी असते. त्या मळ्यात पंपाच्या खोलीबाहेर, पत्र्याखाली, सिमेंटच्या कोब्यावर मोती बांधलेला असायचा. नऊ वर्षांचा गावठी कुत्रा, तांबूस, एक कान दुमडलेला. मागच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही चार दिवस मळ्यात राहिलो होतो. सकाळी सामायिक आटोपून मी ओट्यावर येऊन बसले की तो माझ्याकडे यायला उठायचा. पुढचे पाय उभे व्हायचे, मागचे होत नसत. तीन-चार वेळा प्रयत्न केल्यावर एकदाचा उभा राहायचा आणि थोडा वेळ तसाच थरथरत थांबायचा. ऊन अंगावर आलं की मग चालणं सुधारायचं. माझेही गुडघे आहेत, मला ते चालणं ओळखू आलं.

मी जाऊबाईंना म्हटलं, याला खाली काहीतरी घालायला हवं. त्या म्हणाल्या, "वहिनी, ज्याचं त्याचं कर्म असतं. आपण किती जणांना पुरणार?" आणि भाऊजींचं म्हणणं वेगळंच. कुत्र्याला ऊब लागली की तो सुस्तावतो, राखण करत नाही. निसर्गाने त्याला केस दिले आहेत ना, मग झालं.

केसांचं आधी बघू. थंड देशातल्या कुत्र्यांना वरच्या केसांखाली मऊ लोकरीसारखा दुसरा दाट थर असतो. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याचे केस आखूड आणि विरळ. ते उन्हाळ्याला सोयीचे आहेत, निफाडच्या पहाटेला नाहीत. त्यातून अंग दवाने भिजलं तर केसांमधली हवा जाते आणि ऊब धरून ठेवायला काहीच उरत नाही. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ फॅरेनहाइटपर्यंत. तेवढं राखायला त्याला थंडीत जास्त अन्न जाळावं लागतं. आणि सगळ्यात जास्त ऊब जाते ती खालून. कोबा, फरशी, पत्रा या वस्तू अंगातली उष्णता ओढून घेतात. वरून कितीही पांघरलं आणि खाली गार फरशी असली तर उपयोग नाही.

आता कर्माचं. जाऊबाईंचं बोलणं मला लागलं, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणी अगदी असंच बोलतात आणि ते धर्माचं वाटतं. बावीस परीषहांत शीत हा तिसरा. आपले मुनीमहाराज अंगावर धागा न ठेवता पौषातली रात्र काढतात, हे आपण डोळ्यांनी बघतो. पण तो परीषह त्यांनी समजून-उमजून स्वीकारलेला असतो. त्यात समता असते, म्हणून ती तपश्चर्या. मोतीने काय स्वीकारलं होतं? त्याच्या गळ्यात पट्टा आपण घातला, कोबा आपण निवडला, साखळीची लांबीही आपणच ठरवली. त्याचा कर्मोदय असेलही, पण त्यात साखळी धरणारा हात आपला आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ असतील तुम्हाला. त्यातला पहिलाच बंध, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. शेवटचा अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण हे घडाघडा म्हणतो आणि घरी येऊन गेटजवळच्या साखळीवरून पाय टाकून आत जातो.

हे सगळं मी भाऊजींना ऐकवलं नाही. शेतकरी माणसाला पाठशाळा लावली तर तो उठून जातो. त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवायची तयारी चालली होती. पारा फार उतरला की द्राक्षांच्या मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते, म्हणून निफाडकडचे बागायतदार पहाटे ठिकठिकाणी शेकोट्या करतात, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडतात. दोन गडी आणि भाऊजी स्वतः जागणार होते. मी एवढंच म्हटलं, "भाऊजी, घडांना थंडी बाधते म्हणून तुम्ही रात्रभर जागता. त्या घडांची राखण करणाऱ्याला बाधत नसेल?" ते काही बोलले नाहीत. मफलर गुंडाळून बाहेर गेले.

खरं सांगायचं तर त्यांचं मन माझ्या बोलण्याने वळलं नाही, बिबट्याने वळलं. त्या पट्ट्यात उसामुळे बिबट्याचा वावर आहे आणि बांधलेला कुत्रा त्याला सगळ्यात सोपा. पळता येत नाही, लपता येत नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचा बांधलेला कुत्रा गेला. सकाळी फक्त साखळी होती. भाऊजी तिथे बघून आले आणि जेवताना म्हणाले, "वहिनी, पेटीचं काय म्हणत होता तुम्ही?" अट मात्र घातली. रात्री भुंकला नाही तर पेटी काढून टाकणार.

मग आम्ही काय केलं ते नीट सांगते, कारण यातच बऱ्याच जणी विचारतात.

पंपाच्या खोलीला लागून एक पडवी आहे. तिला पूर्ण उंचीची लोखंडी जाळी आणि दार बसवून घेतलं. रात्री मोती त्या पडवीत मोकळा, साखळी नाही. आतमध्ये देवदारी खोक्याच्या फळ्यांची पेटी. द्राक्षाच्या हंगामात अशा फळ्या मळ्यावर पडलेल्याच असतात. पेटी मोठी करायची नाही, हे महत्त्वाचं. सुतार म्हणाला ऐसपैस करू, मी म्हटलं नको. आत हीटर नाही, कुत्र्याच्या स्वतःच्या अंगानेच ती पेटी गरम व्हायची असते. तो आत शिरेल, एक गिरकी घेईल आणि नाक शेपटीखाली घालून वेटोळं करील, एवढीच जागा हवी. खाली चार विटा लावून पेटी जमिनीपासून उचलली. तोंड लहान आणि मधोमध न ठेवता एका कडेला ठेवलं, म्हणजे वारा सरळ अंगावर येत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात गार वारा उत्तरेकडून येतो, म्हणून तोंड दक्षिण-पूर्वेला. सकाळचं ऊनही आत जातं. वरचं झाकण बिजागरीचं, साफ करायला सोपं. तोंडावर गोणपाटाचा पडदा, मधे चिरलेला.

आत काय घालायचं? इथे गोधडीचा प्रश्न येतो. गोधडी, जुनी चादर, गोणपाट, हे सगळं दव आणि अंगाची ओल पिऊन घेतं. पहाटेपर्यंत ते गार आणि ओलसर होतं आणि कुत्रा ओल्या कापडावर झोपलेला असतो. घराच्या आत, कोरड्या जागी गोधडी चांगलीच. बाहेर पेंढा घाला, भाताचा, लांब काड्यांचा. काड्यांच्या पोकळीत आणि काड्यांमध्ये हवा राहते, तीच ऊब धरते. कुत्रा पायाने उकरून त्यात स्वतःला पुरून घेतो. ओल खाली झिरपून जाते. गव्हाचा भुसा नको, तो डोळ्यांत-नाकात जातो. घोटी-इगतपुरीकडे भाताची शेती आहे, तिकडून पेंढ्या सहज मिळतात.

पेंढ्याचं हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका हिवाळ्यात गजपंथाला मुनिसंघ होता, तेव्हा वैयावृत्त्याला आम्ही म्हसरूळला रोज जायचो. साधूंच्या शयनासाठी शास्त्रात चारच गोष्टी सांगितल्या आहेत, जमीन, शिळा, लाकडी फळी आणि गवत. तिथले जुने व्यवस्थापक गवत दुपारच्या उन्हात पसरून, काडी-काडी झटकून, जीवजंतू नाही याची खात्री करूनच आत नेऊ देत. ओलसर गवताला बुरशी येते आणि त्यात अनंत जीव, हे ते प्रत्येकाला बजावायचे. साधूंच्या शय्येची आणि कुत्र्याच्या पेटीची मी बरोबरी करते असं कृपा करून समजू नका. पण गवत कसं वाळवावं, कसं झटकावं, ही जयणा मी तिथे शिकले आणि ती इथे जशीच्या तशी कामाला येते. दर आठ-दहा दिवसांनी पेंढा उन्हात काढायचा, पेटीखाली मुंग्यांची रांग नाही ना हे बघायचं, काळपट पडला तर बदलायचा. गोचिडांसाठीही हे गरजेचं आहे.

चार रात्री मोती पेटीत गेलाच नाही. पेटीसमोर फरशीवर झोपला. भाऊजी हसायला लागले. पाचव्या दिवशी जाऊबाईंनी, हो, कर्मवाल्या जाऊबाईंनीच, स्वतःची जुनी शाल तासभर पेटीत ठेवली आणि भाकरीचा तुकडा आत टाकला. त्या रात्री गेला. आणि भुंकायचं म्हणाल तर पहाटे तीनला सगळ्या मळ्याला उठवलं, इतका भुंकला. जाळीबाहेर काय होतं ते अंधारात कोणाला दिसलं नाही. भाऊजींनी पेटीचा विषय पुन्हा काढला नाही. जानेवारीत गेले तेव्हा मोती पहिल्या झटक्यात उभा राहत नव्हताच, वय आहे शेवटी. पण तीन-चार प्रयत्नांच्या जागी एकात भागत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांध्यांचं औषध दिलंय तेही चालू आहे.

आता सोसायटीकडे येते. आमच्या जिन्याखाली काळीने डिसेंबरात पाच पिल्लं घातली. पिल्लांची गोष्ट मोठ्या कुत्र्यापेक्षा फार नाजूक असते. पहिले दोन आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची उष्णता सांभाळता येत नाही, आई आणि भावंडं हीच त्यांची शेगडी. आई अन्न शोधायला गेली की ती एकमेकांवर ढीग करून पडतात. म्हणून आईला जागेवरच अन्न-पाणी द्यायचं, तिला लांब जावं लागू नये. मेडिकलवाल्याकडे औषधांचे थर्माकोलचे डबे येतात, तो देऊन टाकतो. तो डबा पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात बसवला, म्हणजे कुरतडायला नको, आत पेंढा. पिल्लांना हात लावला नाही. व्यालेली कुत्री प्रेमळ असली तरी चावते, आणि चावली तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे इंजेक्शनला जायचं. हळद-चुना लावून बसायचं नाही.

सोसायटीत कुरकूर झाली. लहान मुलांच्या आयांची भीती खोटी नाही, ती मला मान्य आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याची जागा ठरवणं हे सोसायटीचंच काम म्हटलंय, आणि ती जागा जिना, दार आणि मुलांची खेळायची जागा सोडून हवी, हेही म्हटलंय. दोन्ही वाक्यं मी मीटिंगमध्ये वाचून दाखवली. जिना सोडायचा हे आम्ही ऐकलं, जागा द्यायची हे त्यांनी ऐकलं. पिल्लं महिन्याची झाल्यावर खोकं मागच्या भिंतीला गेलं, आणि काळीची नसबंदी नि रेबीजची लस दोन्ही करून घेतलं. पुढच्या डिसेंबरात पुन्हा पाच पिल्लं थंडीत नकोत, हीसुद्धा दयाच आहे.

खाण्याचं थोडक्यात. आपलं स्वयंपाकघर इथे आयतंच उपयोगी पडतं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, आपल्याकडे तो नसतोच. आपल्या ताटातली वरण-भात-पोळी, कमी मिठाची, बिनतिखटाची, त्याला चालते. पण द्राक्षं आणि बेदाणे चुकूनही नकोत, मूत्रपिंड निकामी होतात. आपण नाशिकच्या, प्रसादातल्या शिऱ्यातही चार बेदाणे असतातच, ते काढून टाका. चॉकलेटही नको. दुधाने पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात आणि थंडीत जुलाब म्हणजे अंगातली शक्तीच जाते. त्यापेक्षा पोळीवर चमचाभर तेल-तूप घाला, नेहमीपेक्षा एक पोळी जास्त. मी सूर्यास्ताआधी देते, माझ्या चौविहाराबरोबर त्यांचंही आटोपतं. पाणी गाळून, कोमटसर. बाजारात मिळणारं कुत्र्याचं खाणं बहुतेक कोंबडीचं असतं, ते माझ्या हातून दिलं जात नाही. सोसायटीतली दुसरी मुलगी देते, तिला मी अडवत नाही, तीही पहाटे उठून पाणी भरते.

ट्रंकेतली गोधडी घरातल्या कुत्र्याला देणार असाल तर डांबराच्या गोळ्या आधी काढा, ते विष आहे. वासही जाईपर्यंत दोन-तीन दिवस ऊन द्या. लंगडतोय म्हणून बाम किंवा कापराचं तेल चोळू नका, तो ते चाटतो. पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, आपल्या डब्यातली कुठलीच गोळी नको. नातीने विणलेला स्वेटर फोटोपुरता ठीक आहे, पण मोकळ्या कुत्र्याचा स्वेटर तारेत अडकतो आणि भिजला तर उलट गार. शेकोटी मी करत नाही. अग्निकायाचं तर आहेच, उजेडाला येणारे पतंग-किडेही जळतात. शिवाय विझल्यावर कुत्री उबदार राखेत झोपायला जातात आणि आत निखारा राहिलेला असतो. सकाळी गाडी काढण्याआधी यजमानांना सांगा, खाली वाकून बघा आणि बॉनेटवर थाप मारा. इंजिनाच्या उबेला मांजर आत असतं, कुत्रं चाकाखाली.

कुत्रा कुडकुडत असेल तर त्याचं शरीर अजून लढतंय. कुडकुडणं थांबलं, हिरड्या फिक्या पडल्या, हाक मारून मान उचलत नाही, तर मात्र ताबडतोब आत घ्या. कोरड्या टॉवेलने पुसा, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पोटाशी ठेवा, उघडी नको, भाजतं. हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरला फोन करा.

कोणी म्हणतं, जीवदया म्हणजे गाय, कुत्र्याचं एवढं काय. १८३२ साली मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा शहरात दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाईंनी जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांच्या साथीने मुंबईचं पांजरापोळ उभं केलं. ज्या पांजरापोळाला आपण गाईंच्या नावाने पैसे पाठवतो, त्याच्या मुळाशी कुत्री आहेत. आणि जीवंधरकुमारांची कथा तर सगळ्यांना माहीत आहे. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार मंत्र सांगितला आणि तो देवगतीला गेला.

मी बी.कॉम. आहे, हिशेब लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीचा खर्च असा झाला: पेंढ्या ३६०, विटा फुकट, पुठ्ठा-थर्माकोल फुकट, गोणपाट ८०, वाहतूक २००. एकूण ६४० रुपये, आठ घरांत ८० प्रत्येकी. भाऊजींच्या जाळीचा खर्च यात धरलेला नाही, तो त्यांनी बागेच्या खात्यात लिहिलाय, राखणदारीच्या सदरात.

या वर्षी घोटीहून पेंढा पुढच्या शनिवारी येतोय. ज्यांना हवा आहे त्यांनी मंदिरात मला किती पेंढ्या ते सांगा, आणि ठेवायला कोरडी जागा आहे का तेही. जागा नसेल त्यांच्या पेंढ्या माझ्या गच्चीवरच्या खोलीत राहतील. होळीनंतर जुना पेंढा जाळायचा नाही, झाडांच्या आळ्यात पसरायचा आहे.

जय जिनेंद्र.